दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत अजिंठा-वेरूळ-लोणार: काय बघायचं, काय सोडायचं?

चिंचेचं झाड

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर चार दिवस सलग मोकळे मिळतायत. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, सोबत सासूबाई (वय ७०, गुडघे कुरकुरतात, उत्साह आमच्यापेक्षा जास्त). पुण्याहून स्वतःच्या गाडीने जाणार. समुद्रकिनारे आणि वॉटरपार्क दोन्ही झालेत, म्हणून या वेळी मुलांना चार गोष्टी कळतील अशी सहल करायची ठरवली आहे. कच्चा आराखडा असा:

शनिवार: पुण्याहून पहाटे निघून दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की. मुक्काम छत्रपती संभाजीनगर.
रविवार: सिंदखेडराजा करून लोणार, रात्री परत.
सोमवार: अजिंठा.
मंगळवार: वेरूळ, घृष्णेश्वर, जमलं तर पैठण, आणि रात्री पुणे.

मुलं कंटाळू नयेत आणि तरी काहीतरी डोक्यात राहावं, यासाठी काय तयारी करावी? वह्या वगैरे करून न्याव्यात का? मुलाला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, मुलीला मध्ययुगीन भारत. त्याच्याशी काही जुळवता येईल का?

लेणीवेडी

बाकी सगळं नंतर, आधी वार बदला! अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या आराखड्यात दोन्ही बरोबर बंदच्याच दिवशी बसलंय. :)

चिंचेचं झाड

अरे देवा. बरं झालं विचारलं.

खडूस काका

सुट्टी ही सुट्टी असते. वर्षभर शाळा, क्लास, ऑलिम्पियाड, आणि सुट्टीत पुन्हा लेणी क्रमांक अमुक, सन तमुक. आम्ही मामाच्या गावाला जायचो, विहिरीत डुंबायचो, चिंचा पाडायचो. त्यात जे शिकलो ते कुठल्या वहीत मावलं नसतं. पोरांना चार दिवस मोकळं सोडा हो.

परदेशी पाखरू

काका, मामाच्या गावाला आता मामाच राहत नाही, तो हिंजवडीत असतो.

पण मुद्दा पटला. आम्ही दर दोन वर्षांनी डिसेंबरात भारतात येतो, तेव्हा मुलांना "आपला वारसा" दाखवायचा म्हणून एवढं कोंबलं जातं की मुलांच्या लक्षात फक्त गाडी राहते.

दगडोबा

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

तुमच्या यादीतली ठिकाणं तोडायची कशी, ते सांगतो. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा आणि लोणार या चारही जागा एकाच दगडात आहेत. दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. एवढं एक सूत्र धरलं तर सहल आपोआप बांधली जाते. माणसांनी आणि आकाशाने या दगडाचं काय काय केलं, हे बघायला चाललोय असं मुलांना सांगा. अजिंठ्याला तो समोरून आत कोरत नेला. वेरूळच्या कैलासाला वरून खाली. दौलताबादला डोंगराची बाजूच तासून उभी भिंत केली, शत्रू चढू नये म्हणून. आणि लोणारला तर आकाशातून दगड येऊन आदळला.

या सूत्रात बसत नाही ते या वेळेपुरतं सोडा. मकबरा, पैठण आणि घृष्णेश्वर पुढच्या खेपेला. पाणचक्कीबद्दल मला स्वतःला मोह आहे (दूरच्या डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणून त्यावर जातं फिरवलं, कुठल्याही पंपाशिवाय), पण तीही सोडा. एका दिवसाला एकच मोठी जागा. दुसरी असलीच तर तासाभराची.

आणि प्रत्येक जागेला एकच प्रश्न न्यायचा. माहिती नाही, प्रश्न. उत्तर आपण आधी फोडायचं नाही. माझे ठरलेले प्रश्न असे:

कैलास: पहिला घाव कुठे घातला असेल? हे देऊळ बांधलेलं नाही, अख्ख्या डोंगरातून सुटं केलंय. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. शिखर आधी, पाया शेवटी. वरच्या मजल्यावर चूक झाली तर दुरुस्तीला जागा नाही. इथे मुलं पाच मिनिटं गप्प होतात, हा अनुभव आहे. बाजूने वर चढायची वाट खुली असेल तर आधी वरून दाखवा आणि मग आत न्या.

वेरूळ लेणं क्र. १०: छताला दगडी फासळ्या कशाला? त्या छताला धरत नाहीत, कारण छत मुळात एकसंध डोंगरच आहे. आधीचे चैत्य (बौद्ध प्रार्थनेची दालनं) लाकडी असायचे, त्यांची ही नक्कल. लोक याला सुतार का झोपडा म्हणतात ते उगाच नाही.

अजिंठा लेणं क्र. १०: खांबावर एका इंग्रजाने आपलं नाव कोरलंय, जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. ते आपल्या डोक्याच्या वर का? मुलांना सुचतील ती उत्तरं देऊ द्या. घोड्यावर बसला असेल, उंच असेल, शिडी लावली असेल. खरं कारण असं की तेव्हा लेणं मातीने आणि पडझडीने बरंच भरलं होतं, तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. एका नावाच्या उंचीवरून जमीन कुठे होती ते कळतं. (नाव कोरणं वाईटच, हेही सांगून टाका. शेजारी आपल्याही लोकांनी पुढे कमी कोरलेलं नाही.)

अजिंठा लेणं क्र. २४: हे अर्धवट सोडलेलं आहे. गाईड बहुतेक पुढे हाकतात, तुम्ही थांबा. काम कसं चालायचं ते इथेच दिसतं. छेद घेत आत शिरणं, खांबांसाठी दगड राखून ठेवणं, सगळं. पूर्ण झालेल्या लेण्यात जे कळत नाही ते अपुऱ्यात कळतं.

लेणीवेडी

दगडोबांना अनुमोदन. फक्त अजिंठ्याला दगडापेक्षा चित्रं आधी! तीसेक लेणी आहेत, मुलांसोबत पाच पुरे: १, १०, १७, २४, २६. त्यातही १७ ला सगळ्यात जास्त वेळ द्या. सिंहल व्यापाऱ्याची गोष्ट घरूनच सांगून न्या: जहाज फुटतं, व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर अडकतात, उडणारा पांढरा घोडा त्यांना सोडवतो. मग भिंतीवर घोडा शोधायला लावा. सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्टही अशीच. गोष्ट माहीत असली की मूल भिंतीपुढून हलत नाही, नसली की दोन मिनिटांत "झालं?" सुरू होतं.

२६ मध्ये निजलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे, महापरिनिर्वाणाची. खाली शिष्य रडतायत आणि वर देव आनंदात आहेत. खालचे चेहरे आणि वरचे चेहरे यांत काय फरक आहे, एवढंच विचारा.

गाईड घेतलात तर सुरुवातीलाच सांगा की पाचच लेणी, सनावळ्या कमी, गोष्टी जास्त. चांगले गाईड खूश होतात, त्यांनाही रोज तेच तेच बोलून कंटाळा येतो. पहिल्या लेण्यातल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, उजवीकडून आणि समोरून टाकून भाव बदलताना दाखवतात, ते चुकवू नका.

फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, त्यामुळे लेसचे बूट टाळा.

आजीबाईंचा बटवा

सासूबाईंसाठी: अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवावी लागते, तिथून पुढे त्यांच्या बसने साधारण ४ किलोमीटर. बसमधून उतरल्यावर सुरुवातीला पायऱ्या आहेत, तीच खरी चढण. डोलीवाले असतात. भाव आधी ठरवा. माझ्या बहिणीने "मी काय म्हातारी झाले का" म्हणून नकार दिला आणि मग वाटेत बाकावर बसून राहिली, आम्ही वरून हात हलवत होतो. डोलीत बसण्यात कमीपणा काही नाही. एकदा पहिल्या लेण्यापाशी पोचलं की पुढची वाट बऱ्यापैकी सरळ आहे.

दौलताबादला मात्र त्यांना खालीच बसू द्या. चांद मिनार, मोठं टाकं, भारतमाता मंदिर हे सगळं खालच्या बाजूला आहे.

चौकस_मुलाची_आई

खालचा मजकूर माझ्या चिरंजीवांचा. धागा वाचत होते, मागून येऊन म्हणाला मला लिहायचंय.

"नमस्कार, मी आठवीत आहे. आम्ही पाचवीत असताना शाळेतून अजिंठा-वेरूळला गेलो होतो. एका दिवसात दोन्ही लेणी दाखवली. मला फक्त माकडं आठवतात आणि बसमध्ये एकाला उलटी झाली ते. नंतर घरच्यांसोबत दौलताबादला गेलो, ते मला भारी वाटलं. तिथे अंधारी म्हणून बोगदा आहे, वटवाघळं असतात, खूप वास येतो. शत्रू आत आला की त्याला वळणं कळायची नाहीत आणि अंधारात शत्रूचेच लोक एकमेकांना मारतील असं केलंय. बाबा टॉर्च लावत होते, मी बंद करायला लावला. मेंढा तोफेला मागे मेंढ्याचं तोंड आहे. कृपया मुलांना सारखं फोटोला उभं करू नका. आणि घरी आल्यावर प्रवासवर्णन लिहायला लावू नका."

खडूस काका

वा! या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. वह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का, चिंचेचं झाड?

चिंचेचं झाड

मिळालं, काका. वह्या रद्द. :)

दगडोबा, प्रश्नांची कल्पना फार आवडली. घरी काही पूर्वतयारी करता येईल का? मुलाला हाताने काही केल्याशिवाय चैन पडत नाही.

दगडोबा

करता येईल की. कपड्याच्या साबणाची एक जाड वडी, बटर लावायची बोथट सुरी आणि एक जुना पेन. वडीतून चार खांबांचं एक छोटं देऊळ कोरायचं. नियम दोन: वरून खाली यायचं, आणि तुटलेला तुकडा चिकटवायचा नाही. आमच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत निम्म्यांचे खांब मोडतात. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो की खांब आधी जाड ठेवायचे आणि बाजूचं सगळं उरकल्यावर बारीक करायचे. त्यानंतर कैलासासमोर उभं राहिलेलं मूल वेगळं असतं. कैलासातून काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या आसपास सांगतात. हा आकडा ऐकून सोडून दिला जातो, पण ताटभर साबणाचा चुरा बघितलेला असला की "एवढा दगड टाकला कुठे?" हे मुलं स्वतः विचारतात. चुरा कपडे धुवायला वापरा.

लोणारसाठीही एक प्रयोग आहे, तो वेगळ्या प्रतिसादात लिहितो.

वऱ्हाडी ठेचा

राम राम. आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं म्हणून आलो. मी बुलढाण्याचा.

ताई, संभाजीनगरहून लोणार करून रात्री परत, हे करू नका बाप्पा. एकेका बाजूला तीन तास गाडीत. पोरं झोपतील आणि सरोवर भर दुपारी वरून बघून तुम्ही परत फिराल. लोणारला मुक्काम करा. एमटीडीसीचं निवास विवराच्या काठाजवळ आहे. सकाळी उजाडताना काठावर जा, मोर ओरडत असतात.

वाटेत सिंदखेडराजा थांबाच. तुमच्या चौथीतल्या पोराला जिजाऊंचा जन्म पुस्तकात आहे, तो इथला. लखुजी जाधवांचा राजवाडा, आणि गावातच लखुजींची समाधी. १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजींना आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारलं. पोराला हे सांगा, मग जिजाऊ म्हणजे फक्त पुस्तकातलं चित्र राहत नाही. बापाला आणि भावांना दरबारात मारलेली बाई, आणि पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. तासाभरात बघून होतं.

नागपूरकडून येणाऱ्यांसाठी: समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरा, लोणार तिथून जवळ.

दगडोबा

लोणारचा प्रयोग. घरी चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागद त्यात बुडवा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. एका पट्टीवर साबणाचं पाणी टाका, लालसर तपकिरी होईल. लिंबू पिळा, पिवळी राहील. मग पट्ट्या डबीत घालून लोणारला न्या. काठावर पोचलात तर पट्टीचं टोक सरोवराच्या पाण्याला लावा. पाणी खारं आहे आणि चांगलंच अल्कधर्मी, सामू (pH) १० च्या आसपास. पट्टी लाल होते. दुसऱ्या पट्टीवर आपल्या बाटलीतलं पाणी, म्हणजे तुलना होईल. सासूबाईंना विचारा, हळदीचं कुंकू कशाने होतं. चुन्याने. रसायन तेच, पण ते मुलांना त्यांच्या तोंडून कळू द्या.

अभयारण्य आहे, दगड-पाणी काही घरी आणायचं नाही.

माळावरचा मुसाफिर

लोहचुंबकही न्या. लोणारच्या मातीत फिरवला की काळे कण चिकटतात. तेच उल्केचं लोखंड! मुलं वेडी होतात.

दगडोबा

चुंबक जरूर न्या, पण ते उल्केचं लोखंड नव्हे. आपल्या काळ्या दगडातच मॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं. पर्वतीच्या पायथ्याच्या मातीतही चुंबक फिरवून बघा, तसेच कण चिकटतील. उलट हाच उत्तम धडा आहे: पुण्यात आधी फिरवा, लोणारला पुन्हा फिरवा, आणि मुलीला विचारा की यावरून उल्का पडली असं सिद्ध होतं का. सातवीतल्या मुलीला "नाही" असं उत्तर स्वतः काढता आलं तर सहलीचे पैसे वसूल.

मग सिद्ध कशाने झालं? बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड मानत होते. १९७३ मध्ये इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट दाखवलं गेलं. आघाताच्या प्रचंड दाबाने खनिजाची झालेली ही काच, ज्वालामुखीत अशी होत नाही. विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद.

वयाबद्दल दोन आकडे भेटतील. जुन्या मापनाने सुमारे ५२ हजार वर्षं, नंतरच्या आरगॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही मुलीसमोर ठेवा, घाबरू नका. विज्ञानात आकडा बदलतो आणि का बदलतो, हे शाळेच्या पुस्तकात क्वचित दिसतं. आणि "बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर" असं कुणी सांगितलं तर मान डोलावून पुढे चला. ब्राझीलमध्येही बेसॉल्टात अशी विवरं आहेत. पण एवढं तरुण आणि नीट राहिलेलं हेच.

परदेशी पाखरू

लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना? आता दिसेल का? धाकटीला फक्त तेच बघायचंय.

दगडोबा

ते जून २०२०. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले होते. त्याच वर्षी लोणार रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलं. तुम्ही येता डिसेंबरात, पावसाचं पाणी साठलेलं असतं तेव्हा. हिरवट दिसेल. धाकटीला आत्ताच सांगून ठेवा, तिथे रडारड नको.

वऱ्हाडी ठेचा

खाली उतरायच्या वाटेचं सांगतो. उतार दगडी आहे, काही ठिकाणी घसरतो, बूट पाहिजेत. अलीकडच्या वर्षांत पाणी वाढलंय, खाली पाण्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळाकडची वाट कुठवर मोकळी आहे ते वर विचारूनच उतरा. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की वर येताना दमछाक होते. आजींना वर गोमुखाच्या धारेपाशी बसवा, तिथे बारा महिने गोड पाणी पडतं. खाली खारं, वर गोड, हे पोरांना नवलाचं वाटतं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ सोडू नका. लवणासुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं, अशी कथा. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं शोधायला पोरांना सोडून द्या, अर्धा तास जातो.

चिंचेचं झाड

सगळ्यांचे आभार. नवरा म्हणतोय तुझ्या सहलीपेक्षा धागाच मोठा झालाय. सुधारित आराखडा असा:

शुक्रवारी दुपारी निघून रात्री संभाजीनगर.
शनिवार: सकाळी वेरूळ (कैलास, क्र. १०, वेळ उरला तर जैन लेण्यांपैकी ३२), संध्याकाळी येताना दौलताबाद, अंधारीपर्यंत तरी.
रविवार: फक्त अजिंठा.
सोमवार: सिंदखेडराजा, दुपारी लोणार, दैत्यसूदन, मुक्काम.
मंगळवार: पहाटे विवर, मग पुणे.

साबणाची वडी काल आणली. मुलाने देवळाऐवजी रणगाडा कोरायला घेतलाय. वरून खाली, हे मात्र पाळतोय.

लेणीवेडी

रविवारी अजिंठ्याला गर्दी असेल, पहिल्या बसने वर जा. उघडताना पोचलात तर १७ क्रमांकात दहा मिनिटं तरी एकटे असाल. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

दौलताबाद आधी करा आणि वेरूळ नंतर, असं सुचवेन. चढाई सकाळच्या थंडीत होते, आणि कैलास दुपारनंतरच्या उजेडात बघायला छान वाटतो.

आजीबाईंचा बटवा

दौलताबादच्या रस्त्यावर या दिवसांत सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेले असतात. कच्ची घ्या, पुण्याला पोचेपर्यंत पिकतात. पिकलेली घेतलीत तर गाडीतच लगदा होईल.

खडूस काका

आणि मंगळवारी लोणार ते पुणे अख्खा दिवस जाईल, तेव्हा बुधवारी शाळा असेल तर पोरांना दांडी मारू द्या. कारण विचारलं तर सांगा, शैक्षणिक होतं.

वऱ्हाडी ठेचा

काकांनी बरोबर सांगितलं. एमटीडीसीचं बुकिंग आजच करा, दिवाळीत खोल्या भरतात. आणि लोणारला रात्री जेवणाची हॉटेलं लवकर बंद होतात, आठच्या आत बसा. पिठलं-भाकरी मागा, ठेचा पोरांच्या ताटापासून लांब ठेवा.